रिगवर जाण्याआधी

टीव्हीवर पुढारी तावातावाने भांडत होते. समुद्रात नव्या तेलविहिरी खणायच्या, की आहेत त्याही बंद करायच्या? आम्ही तिघं जेवत होतो. ह्यांना सकाळी हेलिकॉप्टरने समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला जायचं होतं.

"बाबा, बंदच व्हायला हव्यात," आमची लेक म्हणाली.

"आणि मी काय करायचं?"

देशाचं भवितव्य ठरवणाऱ्यांना हा प्रश्न असा समोर बसून कोणी विचारतं का, असं माझ्या मनात आलं.

जेवणं उरकल्यावर पाहिलं, तर लेक ह्यांच्या कामाच्या नारिंगी कपड्यांची घडी घालत होती. डोळे भरले होते, मत मात्र बदललं नव्हतं.

"उद्या वारा फार आहे म्हणतात. जपून राहा, बाबा."

ह्यांनी तिच्या हातातून कपडे घेतले. मग हळूच म्हणाले, "तू मात्र बोलायची थांबू नकोस."