आवाज गेला का नाय?

माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक किंचाळायला लागले, तेव्हा मी राहते त्या फुलपाड्यात माझी इज्जत गेलीच होती. पण खरी पंचाईत झाली बाबांची. दर रविवारी मी निर्मळ गावी त्यांच्याकडे जाते. वळणावर ब्रेक दाबला की केळीच्या बागेपलीकडेही ऐकू जायचं, कुईईई! शेजारीण म्हणायची, "आली तुमची लेक, रडत रडत." बाबांना ते लागायचं. तसाही त्यांना असला आवाज सहन होत नाही. सायकलची साखळी, फाटकाची बिजागरी, कशानेही जरा कुरकुर केली की हे लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन हजर.

त्या रविवारी मी अंगणात बसून मोबाइलच्या उजेडात चाकाच्या फटीतून पाहिलं. ब्रेकचे पॅड झिजून पापडाएवढे उरले होते. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "पॅड संपत आले की त्यांची पत्र्याची पट्टी चाकाच्या चकतीला घासते आणि बोंबलते. ती बोंबलते म्हणून तर कळतं. उद्या सावकाश घेऊन या."

"काय म्हनतो?" बाबांनी विचारलं.

मी वैतागलेलीच होते. "काय म्हणणार? घासतंय म्हणतो!"

रात्री तिथेच राहिले. सकाळी गाडीपाशी आले, तर पुढच्या दोन्ही चाकांखाली काळपट ओल. धुतली असेल बाबांनी, असं म्हणून मी आत बसले. अंगणापासून फाटकापर्यंत उतार आहे, आणि बाबांची खोड अशी की फाटक उघडून बरोबर मधोमध उभं राहायचं, दोन्ही हातांनी "ये, ये" करत. बाजूला व्हा म्हणून किती वेळा ओरडले असेन! ऐकतील तर शपथ.

गाडी उतरायला लागली. ब्रेक दाबला, आवाज आला नाही. खोटं कशाला बोलू, आधी बरंच वाटलं. मग कळलं, गाडी थांबतही नाहीये. सगळा जोर लावून पाय रेटला, तरी ती घसरतेच आहे, आणि समोर बाबा, हसत, "ये, ये." मला हॉर्नसुद्धा सुचला नाही. हँडब्रेक खस्सकन ओढला.

बंपर त्यांच्या लुंगीला टेकला आणि गाडी थांबली.

त्यांनी बॉनेटवर थाप मारली. "बाय, गेला का नाय आवाज? पहाटे उठून तेल सोडलं."

एरवी घर डोक्यावर घेणारी मी, तोंडातून एवढंच निघालं, "गेला, बाबा."

बॅटरी उतरली असं बाबांना सांगून गाडी ओढून फुलपाड्याला नेली. तेल प्यालेले पॅड मेकॅनिकने फेकून दिले, चकत्या धुतल्या, नवे पॅड बसवले. बाबांना मी खरं सांगितलं नाही. इतक्या हौसेने केलेलं, कुठल्या तोंडाने सांगणार? ते मात्र गल्लीभर सांगत सुटले की लेकीची गाडी आपण गप्प केली.

परवा शेजारणीची स्कूटर फाटकाशी येऊन किंचाळली. बाबा कुपी घेऊन उठले.

त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. कुपी मांडीवर घेऊन ते तिची चोच पुसत बसले.

"अहो, मेला असता तुम्ही!" मी ओरडलेच.

"बरं झालं मी समोर व्हतो," ते म्हणाले. "नायतर तू तशीच रस्त्याला लागली असतीस."