मलेशियाची प्लाय, व्हिएतनामची प्लाय

त्या दिवशी पोलीस ठान्यात आम्ही पाच जनं होतो: आमचे साहेब, लिखापढीचा रायटर, प्लायचा सेठ, त्याच्या गोदामाची चौकीदारीन अन मी. नावं सांगत नाही. पन तो दिवस मी इसरली नाही.

मी सातवी शिकलेली. लेकरं लहान होती तवा कामठी रोडच्या कारखान्यात प्लायच्या पापुद्र्याले गोंद लावला, बोटाची सालटं निघत. मंग माहे घरधनी, पोलीस शिपाई, ड्युटीवरच वारले अन त्यांच्या जागी मी शिपाई लागली. रडत बसाले टाइम नव्हता.

सेठची फिर्याद अशी, "मलेशियाची भारी प्लाय या बाईनं बाहेर काढली अन हलकी ठेवली. गिऱ्हाइकाचं कपाट फुगलं, माल वापस आला. हिले आजच आत टाका." माल किती महागाचा ते दाखवाले तीन वर्साची परदेशी मालाची फाइल तो सोताच घेऊन आला होता.

साहेबानं चौकशी माह्याकडे देली. मी तिले पानी पाजलं.

"काहून बदलली वं?"

"बाई, मले त्या दोन शीटमधला फरकच समजत नाही. माहं काम गेटावर." मंग हळूच म्हने, "पोरी शाळेतून आल्या असतील. घराले कुलूप हाय."

वापस आलेली शीट आंगनात होती. कापलेल्या कडेवर मी बोट फिरवलं. वरचा पापुद्रा तेवढा लाल, आत सारी पांढरट. कारखान्यात दोन्ही पाहिल्या होत्या. मलेशियाची आतपर्यंत लाल, अशी पांढरट व्हिएतनामची.

"तेच त सांगून राहिलो ना!" सेठ म्हने. "बदलली!"

"सेठ, तुमच्याकडे माल किती दिवस पडून राहाते?"

"महिनाभरबी नाही. आपल्या मालाले लाइन लागते."

फाइल इंग्रजी. रायटरले म्हटलं, तू वाच गा, कोन्या देशातून कोन्या वर्सी किती लाखाची आली. डब्यात शेंगदाने-फुटाने होते. मलेशियाच्या एका लाखाले एक शेंगदाना, व्हिएतनामले एक फुटाना.

साहेब हसले, "बाई, नाश्ता मांडला काय?"

"थांबा ना साहेब."

पहिल्या वर्सी शेंगदाने अठरा, फुटाने चार. दुसऱ्या वर्सी शेंगदाने सात, फुटाने पंधरा. तिसऱ्या, म्हंजे सरत्या वर्सी फुटाने चोवीस. शेंगदाना एकबी नाही.

साहेबाचं हसू गेलं.

मी इचारलं, "सेठ, वर्सभर मलेशियाची प्लाय आलीच नाही, जुनी महिनाभर टिकत नाही. मंग या बाईनं बदलली कोनती?"

सेठनं पान्याचा गिलास उचलला अन तसाच खाली ठेवला.

साहेबानं त्याची बिलबुकं मांगवली. त्या वर्साच्या हर बिलावर मलेशियाच लिहिली होती. हलका माल भारी म्हनून इकल्याचा गुन्हा दाखल झाला, पन सेठवर.

चौकीदारीन उठली, दारापर्यंत गेली अन वापस आली. "बाई, ते फुटाने पोरींसाठी घेऊ काय?" मी दोन्ही ढीग तिच्या पदरात टाकले.

केस डायरीत साहेबानं लिवलं, तपास शिपाई बाईच्या अकलेनं लागला. पुढं मी हवालदार होऊन रिटायर झाली, पन ती ओळ मले हवालदाराच्या फितीपेक्षा मोठी वाटते. लोक म्हनतात, कागद शिकलेल्यांचे. मी म्हनते, ओळीनं मांडला का कागद कोनालेबी बोलते.

वाचनाऱ्याले एकच मांगनं हाय. गेटावरच्या मानसावर आळ घ्यायच्या आधी मालकाची फाइल एकडाव पाहून घ्या.