आंजीवाले सर कोणत्या फांदीवर

मले कॉम्प्युटरची नोकरी लागली म्हणून घरी सांगतलं, तं बाबा म्हणे, थ्या कॉम्प्युटरमंदी तू करशील काय? मी म्हटलं, ते मालकालेच माहीत, तो एक महिना पाहणार अन् मग ठेवणार. जमलं नाई तं आंजीची बस धरून घरी यायचं, असं साफ बोलणं झालतं.

ऑफिस म्हणजे वर्ध्यात एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्या. मालकाले आमी सर म्हणतो. सर दर वाक्यामागं 'समजलं का' लावतात, अन् नाई म्हटलं तरी पुढं निंगतात. शाळेत मी सगळ्या गुरुजींच्या नकला काढत होतो, म्हणून सरांची चाल मले दुसऱ्याच दिवशी जमली. पण काढली नाई. महिना पूर्ण व्हायचा होता.

काम असं होतं. एका शिक्षणसंस्थेच्या समुद्रपूर, पुलगाव अन् आंजीले शाळा, अन् मुख्य ऑफिस वर्ध्यात. त्या ऑफिसात फोनवर एक बाई बसतात. कोण कुठं शिकवते, कोणाची बदली कुठं झाली, सगळं त्यायच्या डोक्यात. पुढच्या महिन्यात त्यायची लेक बाळंतपणाले येणार होती अन् बाईंले रजा पाह्यजे होती. आजवर लांब रजा कधी भेटलीच नाई, कारण त्या उठल्या की ऑफिसले माणूस सापडत नाई. संस्थेच्या सर्व्हरवर सगळ्यायची डिरेक्टरी होती. मले तिच्यात शोधाची एक खिडकी जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत बनवायची होती. नाव टाकलं की माणूस, शाळा अन् फोन दिसला पाह्यजे. सर म्हणे, यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला कोड भेटते, वाच अन् कर, समजलं का.

डिरेक्टरी म्हणजे फोनची वही, असं मले वाटलं. निघालं झाड. वर संस्था, तिच्या फांद्या म्हणजे शाळा, अन् पानाच्या जागी माणसं. दर माणसाचा पूर्ण पत्ता असते, अन् तो लिहायचा खालून वर, पहिले माणूस, मंग शाळा, शेवटी संस्था. मी पहिल्या दिवशी उलटा लिहिला. सर्व्हर म्हणे, असं कोणी नाई. मंग माया ध्यानात आलं की पाकिटावर आपण पत्ता असाच लिहितो. मास्तरांच्या नावाआधी जिल्हा कोणी लिहिते का? त्या दिवसापासून मले ते झाड आपल्याकडचंच वाटाले लागलं.

पहिले सर्व्हरशी जोडणी करायची, मंग आपण कोण ते सांगायचं, मंग शोधायचं. मी नाव सांगतलं अन् पासवर्ड रिकामा ठेवला, काय होते ते पाहाले. सर्व्हरपर्यंत जाऊच नाई देलं. लायब्ररीनंच दारात अडवलं की नाव सांगून राह्यला तं पासवर्ड कुठं आहे. मले बरं वाटलं. आमच्या हायस्कूलचा शिपाई असाच होता, मुख्याध्यापकापर्यंत गोष्ट जायच्या आधीच तो कान धरायचा.

पासवर्ड देऊन आत गेलो अन् शोध लावला, तं उत्तर एकच आलं, संस्था. तीन शाळा, एवढी माणसं, अन् भेटली फक्त संस्था. दोन तास डोकं खाजवलं. मंग दिसलं की किती खोल शोधायचं ते सांगा लागते. मी फक्त वरच्या टोकाशी शोधाले सांगतलं होतं, म्हणजे दारावरची पाटी वाचून वापस आलो होतो. 'खालचं सगळं' असं सांगतल्यावर माणसं भराभरा आली.

सर म्हणे, संस्थेच्या खऱ्या सर्व्हरवर खेळ नको करू. तेव्हा मले त्या लायब्ररीची सगळ्यात मजेची गोष्ट सापडली. ती तुमाले खेळण्यातला सर्व्हर देते. आपल्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत तो उभा राहते, प्रोग्राम बंद केला की गायब. मी त्यात आंजीतली आमची गल्ली बसवली. दर घर एक फांदी. माणसाले आडनाव देलंच पाह्यजे, नाई तं तो घेत नाई. आडनावं मले पाठ होती, नावं नव्हती. शेजारची काकू पुलगावची, म्हणून तिले सगळी गल्ली पुलगाववाली म्हणते. तिचं खरं नाव आईले फोनवर विचारलं. आई म्हणे, "पुलगाववालीच तं आहे ते. तुले काऊन पाह्यजे?" मी नावाच्या जागी 'पुलगाववाली काकू' लिहिलं. 'चक्कीवाले बाबाजी' लिहिलं. शोध लावला की एका फटक्यात माणूस हजर. सरांनी पाह्यलं, मान हालवली, अन् समजलं का असंही म्हटलं नाई. म्हटलं, जमलं.

महिना संपाले चार दिवस राह्यले होते तेव्हा मी खिडकी घेऊन बाईंकडे गेलो. सरांनी फैसला बाईंवर सोडला होता. त्या म्हणतील चालते, तं मी राहीन.

बाईंनी चष्मा वर केला, एका बोटानं 'आंजीवाले सर' टाइप केलं अन् बटण दाबलं. खिडकी म्हणे, कोणी सापडलं नाई. मंग 'समुद्रपूरवाल्या मॅडम'. कोणी नाई. 'कबड्डीवाले'. कोणी नाई.

मी म्हटलं, "बाई, आडनाव टाका."

"आडनाव विचारते कोण? आतापरेंत एका तरी माणसानं आडनाव विचारलं का मले?"

तेवढ्यात फोन वाजला. त्यायनं नुसतं 'हाव, देते' म्हटलं अन् लाइन जोडली. मी विचारलं, कोण पाह्यजे होतं? म्हणे, आंजीवाले सर. ते आंजीच्या शाळेत असतील म्हणून मी खिडकीत पाहाले लागलो, तं बाईंनी सांगतलं, ते पुलगावच्या शाळेत आहेत. आंजी त्यायचं गाव, अन् नोकरी पुलगावले.

तेव्हा घोळ ध्यानात आला. माया खेळण्यातल्या गल्लीत सगळे सापडत होते, कारण मी त्यायले जसं हाका मारतो तसंच लिहिलं होतं. खऱ्या डिरेक्टरीत सगळ्यायची कागदावरची नावं होती, अन् त्या नावानं त्यायले फक्त पगारपत्रक ओळखत असन. कोडात एकही चूक नव्हती. पूरा महिना घालवून मी अशी खिडकी बनवली होती, जिच्यात कोणी विचारत नाई तेच सापडत होतं.

रात्रभर झोप नाई आली असं सांगाले पाह्यजे, पण मी मस्त झोपलो. सकाळी लायब्ररीची पुस्तिका पुन्हा उघडली, तं एक ओळ दिसली जी मी तीनदा वाचून सोडून देली होती. एका माणसाले नावाच्या जागी एकच नाव असावं असं काई नाई. दोन ठेवा, चार ठेवा, कोणत्याही नावानं शोधलं तरी तोच माणूस भेटते. म्हणजे ही लायब्ररी बनवणाऱ्याच्या गावातही कोणी पुलगाववाली असन का, असं मले वाटलं.

संस्थेच्या कॉम्प्युटरवाल्या सरांकडून नावं वाढवायची परवानगी घेतली अन् तीन दिवस बाईंच्या बाजूले स्टूल टाकून बसलो. फोन आला की बाई पलीकडचं अन् त्याची बोलायची ढब सांगत, मी ते त्या माणसाच्या आवाजात पुन्हा म्हणून पाहो अन् तसंच भरो. हेडमास्तर नाकातून 'जरा क्लार्कले द्या' म्हणत. एक जण 'ते आपले उंचवाले' एवढंच म्हणे. माया नकलांवर बाई हासत नव्हत्या, फक्त दुरुस्ती करत. "तो एवढा हळू नाई बोलत. घाईत असते."

शेवटच्या दिवशी त्यायनं मले आपल्या खुर्चीवर बसवलं अन् म्हणे, एक घंटा फोन तू उचल, मी बोलणार नाई. बाजूले बसून भेंड्या चिरत राह्यल्या. दोन फोन लागले. तिसऱ्याले 'पुलगाववाले सर' पाह्यजे होते, अन् खिडकीत दोघं आले. मी विचारलं, गणितवाले का खेळवाले? पलीकडून म्हणे, गणितवाले. लागला. चौथा फोन चुकला. 'मामा' पाह्यजे होते, अन् मामा मी भरलेच नव्हते. मामा म्हणजे समुद्रपूरचे शिपाई, हे बाईंनी घंटा संपल्यावर सांगतलं; तेव्हा बोलायचं नाई असं ठरलं होतं. घंटा संपेपरेंत बाकी सगळे लागले.

बाईंनी हात पुसले अन् माया समोरच सरांले फोन लावला.

"हाव, मीच. पोट्टा बसला होता माया खुर्चीवर. एक चुकला, बाकी बरोबर लागले. ठेवा त्याले." मंग सर काई बोलले असतील. "नाई, खिडकी अजून अर्धीच आहे. अर्धी नावं माया डोक्यात आहेत. लेक येईपरेंत रोज पाठवा याले."

फोन ठेवल्यावर मी नवी ओळ उघडली, मामा भरले, अन् विचारलं, "बाई, अन् तुमाले काय म्हणतात?"

तेवढ्यात फोन वाजला. "ते मंग सांगते. पहिले हा फोन उचल," बाई म्हणाल्या, अन् उरलेल्या भेंड्या पुढं ओढल्या.