समितीपुरती पाटी

जुन्नरकडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायचो. उन्हाळ्यात नोकरी संपायची, पावसाळ्यात पुन्हा मुलाखत. विद्यापीठाची तपासणी समिती यायची त्या दिवशी मात्र मी कायम प्राध्यापक असायचो. शिपाई दारावर माझ्या नावाची पाटी लावायचा आणि समिती आळेफाट्याला जेवायला गेली, की काढून कपाटात टाकायचा. त्याचं स्टूल मीच धरायचो, निर्लज्जासारखा.

यंदा मला मुलाखतीलाच बोलावलं नाही. समिती येऊन गेल्याचं कळलं, तेव्हा शिपायाला फोन करून विचारलं, माझी पाटी फेकली का रे?

"न्हाई सर, लावली व्हती की. विद्यापीठाच्या यादीत अजून तुमचंच नाव हाय. नव्या सरांना तुमच्या नावानं बसवलं. स्टूल त्यांनीच धरलं."