साडूंची आपोआप चालणारी फाइल

काम वाचवण्यासाठी आमच्या साडूंइतकी मेहनत घेणारा माणूस भिलाईत दुसरा झाला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, मूळचे वर्ध्याकडचे, कुम्हारीच्या एका कारखान्यात संगणकावर बसत. मलाही त्यांनीच तिथे चिकटवलं, त्यामुळे आमच्या हुडको वसाहतीतून निघणाऱ्या सकाळच्या बसपासून त्यांचं प्रेम आणि जाच दोन्ही माझ्या वाट्याला यायचं. त्यांचा सिद्धांत एकच: "एक बंद झाल्याबिगर दुसरं चालू नाई करायचं." पोळी संपल्याशिवाय भाताला हात नाही, आणि बोलता बोलता ताईंनी विषय बदलला तर "आधीचा बंद कर" म्हणून त्यांनाही अडवायचे. तिकीट फाडता फाडता शिटी वाजवणाऱ्या कंडक्टरलाही त्यांनी एकदा समजावलं, "भैया, पहले एक काम खतम करो." तो म्हणाला, "बाबूजी, फिर तो रायपुर कल पहुँचेंगे." साडूंना हे उत्तर अजिबात पटलं नाही.

ऑफिसात रोज हजेरीचा प्रोग्राम चालू करायचा, तो बंद करून मालाच्या साठ्याचा, तो बंद करून छपाईचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साडूंनी हे सगळे हुकूम एकाखाली एक लिहून एक बॅच फाइल बनवली. तिचं नाव टाइप केलं की पुढचं सगळं मशीन आपोआप करणार. साहेब इतके खूश झाले की त्यांनी पेढे मागवले. फक्त प्रत्येक ओळीनंतर साडूंनी एक 'पॉज' घातला होता. म्हणजे दर कामानंतर मशीन थांबायचं आणि कोणीतरी बटण दाबेपर्यंत ढिम्म हलायचं नाही. ते कोणीतरी म्हणजे अर्थातच साडू. आपोआप चालणाऱ्या फाइलीपायी त्यांचं खुर्चीतून उठणं बंद झालं, डबासुद्धा ते कीबोर्डशेजारीच खात. एकदा तर तापाने फणफणलेले असताना मफलर गुंडाळून आले.

"भाऊजी, पॉज काढून टाका ना. घरी आराम तरी करता येईन," मी म्हणालो.

"अन् मंग मी कायले येऊ?"

मी तेव्हा हसलो होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

ते निवृत्त व्हायच्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावून सांगितलं, आता खुर्चीवर कोणी बसणार नाही, पॉज काढून टाक. साडूंना हे कसं सांगावं ते मला सुचेना. पण त्यांना ते आधीच कळलं होतं. शेवटच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर ते खुर्चीत जाऊन बसले. "तू घाईत भलतीच ओळ उडवशीन, बापू," म्हणाले आणि एकेक पॉज स्वतःच्या हाताने पुसला. मग फाइल चालू करून दोन्ही हात मांडीवर ठेवले. हजेरी झाली, साठा झाला, छपाई खडखडली, कोणीही कशाला हात लावला नाही. "पाह्य, कशी चालून राहिली," ते म्हणाले. आवाजात अभिमान होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते हुडकोच्या स्टॉपवर उभे असत. मी उतरलो की पहिला प्रश्न, "अडकली का आज?"

"हो भाऊजी, छपाईपाशी अडकली. तुमच्याबिगर जमत नाई."

फाइल कधीच अडकली नाही. तिच्यात अडकण्यासारखं काही उरलेलं नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तरी घराच्या फाटकापर्यंत ते मला दुरुस्ती समजावत राहायचे, आणि मी मुद्दाम सावकाश चालायचो.