वजनकाट्यावर उमटणारी अक्षरं

हे सांगायचं मी किती वर्षं टाळलं, याचा हिशेब ठेवलेला नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. नांदेडला सकाळी फिरायला जाणारे आम्ही काही निवृत्त लोक आहोत. भुताखेतांचा विषय निघाला की लातूरच्या त्या काट्याची गोष्ट कुणीतरी काढतंच. मी ती ऐकून घेतो, मान हलवतो आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो. त्या गोष्टीतलं भूत मी आहे, हे तिथे कुणाला माहीत नाही.

मी एका सोयाबीन व्यापाऱ्याच्या पेढीत कॉम्प्युटरचं काम बघत असे. मुख्य मशीन नांदेडला, माझ्या टेबलाशेजारी. लातूरच्या गोदामात वजनकाट्याला लागून एक केबिन होती, तिथला कॉम्प्युटर लाइनवरून आमच्या मशीनला जोडलेला. चित्रं, खिडक्या काही नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. त्याला आम्ही टर्मिनल म्हणायचो. गाडी काट्यावर आली की केबिनमधल्या माणसाने गाडीचा नंबर टाकायचा, मग वजन, मग मालातला ओलावा.

एके दिवशी शेठ म्हणाले, “ओलावा जास्त निघाला की अख्खा पडदा लाल झाला पाहिजे. ड्रायव्हरला बाहेरून दिसलं पाहिजे, मग तो भांडत नाही. आणि गाडी गेली की परत होता तसा करा.”

काम अवघड नव्हतं. पडद्याचा रंग प्रोग्राममधून बदलता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तो विचारताही येतो, हे थोड्यांना. होता तसा करायचा, तर आधी कसा होता हे विचारून ठेवावं लागतं. प्रोग्राम न दिसणारी एक खूण पाठवतो, तुझा आत्ताचा रंग कोणता? टर्मिनल उत्तर देतं. पण उत्तर द्यायला त्याला वेगळं तोंड नाही. ते उत्तर कीबोर्डच्याच वाटेने येतं, कुणी बोटांनी टाइप करावं तसं. प्रोग्रामने ते लगेच उचलून घ्यायचं असतं. तो थांबला नाही, तर उशिरा आलेलं उत्तर पडद्यावर जी चौकट रिकामी असेल तिच्यात जाऊन पडतं.

माझ्या टेबलावर उत्तर पापणी लवायच्या आत यायचं. म्हणून मी प्रोग्रामला तेवढंच थांबायला सांगितलं. लातूरला जाऊन एकदाही बघितलं नाही. तशी पद्धतच आमच्याकडे नव्हती. नांदेडला चाललं म्हणजे सगळीकडे चाललं, असं आम्ही धरून चालायचो.

त्याच सुमारास लातूरच्या काट्यावरचे काका गेले. हंगामाच्या तोंडावर, भर दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, त्याच खुर्चीत. त्यांच्या जागी एक बाई लागल्या. वय चाळिशीचं, पूर्वी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायच्या, मुलगी बारावीला. त्या पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांच्यासमोर माझा नवा प्रोग्राम होता.

आठवडाभराने त्यांचा फोन आला. तिकडे फोन स्पीकरवर टाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असाच बोलायचे.

“सर, कुणीतरी टाइप करायलंय.”

“कुठे?”

“इथंच. गाडी नंबरच्या चौकटीत. मी टाकायच्या आधीच अक्षरं यायलीत. माझे दोन्ही हात मांडीवर हायेत सर.”

मागून एक हमाल ओरडला, “मॅडम, मांजर बसलं असंल बघा बटनावर!”

“तू गप रे! सर, खरंच सांगायले.”

मला शेठकडे जायची घाई होती. मी म्हणालो, “ताई, तुमच्या आधीचे काका असतील. काटा नीट चाललाय का ते बघायला आले असतील.”

तिकडे मोठा हशा झाला. बाईही हसल्या, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

हे वाक्य माझं. पुढे लातूरला ज्याने त्याने ते आपलंच म्हणून सांगितलं, पण पहिल्यांदा ते माझ्या तोंडून गेलं.

मी नवा कीबोर्ड पाठवला. अक्षरं येतच राहिली. सकाळी नाही, दुपारी. दुपारी सगळ्या शाखा एकदम कामाला लागायच्या आणि लाइन संथ व्हायची. काकाही दुपारीच गेले होते. हे माझ्या लक्षात आलं नाही, तिथल्या लोकांच्या आलं. हमाल केबिनच्या दारात टेकायचे बंद झाले. कुणीतरी काकांच्या आवडीच्या तंबाखूची पुडी कीबोर्डशेजारी ठेवली. ती उचलायची कुणाची हिंमत होईना.

दुसऱ्या फोनच्या वेळी बाई कुजबुजत होत्या. आजूबाजूला आवाज नव्हता.

“सर, वाचून दाखवू? आत्ता समोर हाय. आर. जी. बी. मग टिंबावर टिंब. मग शून्य, शून्य, शून्य, शून्य. तिरकी रेघ. परत शून्यं. परत रेघ. परत शून्यं.” त्या थांबल्या. “सर, ते मला शून्य म्हणायलेत का? त्यांच्या जागी बसले म्हणून?”

मी ते कागदावर उतरवून घेतलं. ते काळ्या रंगाचं उत्तर होतं. लाल, हिरवा, निळा, तिन्ही काहीच नाही, म्हणून सगळी शून्यं. माझ्या प्रोग्रामने विचारलं होतं आणि उत्तर यायच्या आत तो पुढे निघून गेला होता.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण समोर शेठ बसले होते. नुकतंच ते म्हणाले होते, हा प्रोग्राम सगळ्या शाखांना लावा. मी फोनमध्ये म्हणालो, “बघतो.”

हंगाम संपला की गुपचूप दुरुस्त करू, असं मी ठरवलं. मध्येच बदल केला तर का केला, हे सांगावं लागलं असतं.

हंगाम संपायच्या आधी ती दुपार आली. ओल्या मालाची गाडी काट्यावर होती, पडदा लाल झाला. गाडी गेली, पडदा लालच राहिला. आधीचा रंग प्रोग्रामला कळलाच नव्हता, मग परत कशावर जाणार? आणि त्या लाल पडद्यावर पुन्हा अक्षरं उमटली. या वेळी सगळी शून्यं नव्हती, कारण उत्तर लाल रंगाचं होतं. बाई केबिनमधून पळत बाहेर आल्या आणि काट्याच्या लोखंडी पाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. गोदामाच्या मुनीमजींनी मला नंतर सांगितलं, “हलायलाच तयार नव्हत्या. वर आकडा दिसायलता पन्नास. आम्ही सगळे त्या आकड्याकडंच बघत उभे. त्यांच्यासोबत अजून कुणी असंल, तर वाढतो की काय म्हणून.”

घरचे त्यांना माहूरला घेऊन गेले. देवीपुढे बसवलं. आठ-पंधरा दिवसांनी जेवायला लागल्या म्हणे.

गोदामात काकांची शांती करायची ठरली. शेठ मला म्हणाले, “तुम्हीही चला. पूजा झाली की मशीन एकदा बघून घ्या.” बाहेर मंत्र चालू होते, धूर आत येत होता. मी केबिनमध्ये एकटाच त्या खुर्चीत बसलो, प्रोग्राम चालू केला आणि हात मांडीवर ठेवले.

अक्षरं आली. एकेक नाही, सगळी भसकन, कुणीतरी बराच वेळ अडवून धरलेलं बोलून टाकावं तशी. मी लिहिलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं, एकेका अक्षराचा अर्थ मला माहीत होता. तरीही मी खुर्ची मागे सरकवली. मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवला. वळून बघायचं धाडस झालं नाही.

मग मी दुरुस्ती केली. प्रोग्रामने उत्तराची वाट बघायची, आणि उशिरा आलेलं उत्तरही गिळून टाकायचं. एवढंच. बाहेरची आरती संपायच्या आत काम झालं.

मुनीमजी डोकावले. “थांबलं का हो, सर?”

“थांबलं.”

“बघा! म्हणलं न्हवतं मी?” त्यांनी हातावर प्रसादाचा शिरा ठेवला. मी तो खाल्ला.

महिन्याभराने बाई काम मागायला आल्या. मुनीमजी त्यांना म्हणाले, “मॅडम, राग मानू नका. आता शांत झालंय. तुम्ही आलात की ते परत येईल.” हे मुनीमजींनीच मला फोनवर सांगितलं. मी हो म्हणालो की नाही, ते आठवत नाही. त्यांना परत घ्या असं म्हणालो नाही, हे नक्की.

निवृत्त झाल्यावर मी त्यांचा शोध घेतला. त्या मुखेडला, भावाच्या घरी होत्या. एसटीत बसल्यापासून मी वाक्य जुळवत होतो. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्यांनी मला ओळखलं, भावजयीला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. केस पांढरे झालेले. समोर बसल्या तेव्हा दोन्ही हात पदराखाली.

“लेक पुण्याला हाय, सर. मोबाइल घे म्हणती. म्हणजे रोज दिसशील.” त्या हसल्या. “पण मी हातच लावत न्हाई. माझ्या हातात अक्षरं आली तर?”

“ताई, तशी येत नसतात.”

“तुम्हाला न्हाई यायची.”

“तेव्हा काट्यावर जे झालं ना ताई, ते…”

“राहू द्या सर!” त्यांनी दाराकडे बघितलं. “दुपारच्या टायमाला त्यांचं नाव काढू नका. पाया पडते.”

मी वाक्य तिथेच सोडलं. वाईट एवढंच नाही. मला बरं वाटलं. मी चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो, निघालो. त्या दारापर्यंत आल्या नाहीत. भावजय आली.

स्टँडवर नांदेडची गाडी यायला वेळ होता. परत जाता आलं असतं. उन्हं कलेपर्यंत थांबून, दुपार टळल्यावर, त्यांना ऐकवता आलं असतं. गाडी आली आणि मी चढलो. पुन्हा मुखेडला गेलो नाही. यंदा त्या गेल्याचं कळलं.

वाक्य एवढंच होतं. ताई, तिथे कुणी नव्हतं. तो माझाच प्रोग्राम होता, आणि मला ते तुमच्या दुसऱ्या फोनलाच कळलं होतं. मला माफ करा.