खडूतलं ऑर्लेआँ

कळमनुरीच्या बाजारात आमचा एक शिंपी होता. पहिल्या महायुद्धात सैन्याची खेचरं हाकायला म्हणून तो फ्रान्सला गेला, तेव्हा ऑर्लेआँ नावाच्या एका छोट्या, जुन्या शहरात काही दिवस राहिला होता. माप घेऊन झालं, की माझ्या कापडावर खडूनं ते शहर काढायचा. "ही नदी. हा पूल. हितं त्याहींचं मोठं देऊळ. अन् ह्या गल्लीतली म्हातारी माझ्या खेचराला पाव चारायची." मग तळहातानं सगळं पुसायचा आणि कात्री चालवायचा.

दुसरी लढाई फ्रान्समध्ये शिरली, तसा तो मला पेपर वाचायला बसवू लागला. "मास्तर, बघा बरं, आपलं गाव हाय का त्यात?" मी सगळी पानं चाळून नाही म्हणालो, की मशीनचं चाक पुन्हा फिरायचं.

त्या दिवशी नाव पहिल्याच पानावर होतं. बॉम्ब पडले होते. मी घाईनं पेपराची घडी घातली आणि म्हणालो, "नाही."

तो पूल काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मास्तर, आज तुमी पान उलटलंच न्हाई."

त्यानं कापडाची हळूच घडी केली, माझ्या हातात दिली.

"दुसऱ्याकडून शिवून घ्या. हे आता माझ्यानं पुसवत न्हाई."